बरणीपासून रिपोर्टपर्यंत: पॅथॉलॉजीत पीजी करताना

एमबीबीएस झालेल्या मुलीने पॅथॉलॉजीची सीट घेतली असं घरी सांगितलं, की डिचोली असो वा काणकोण, पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे बाय, तू आता रक्त तपासणार?"

रक्तातल्या पेशी मशीन मोजतं आणि मशीन चालवायला तंत्रज्ञ असतात. पॅथॉलॉजिस्टचं काम तिथून पुढे सुरू होतं. गाठ कॅन्सरची आहे का, असेल तर कुठल्या जातीची, पूर्ण निघाली की कडेला थोडी राहिली, हे लिहून खाली सही करायची. सर्जन पुन्हा ऑपरेशन करणार की नाही, केमो द्यायची की नुसत्या गोळ्या, हे त्या कागदावरून ठरतं. ही सही करण्याची पात्रता यायला तीन वर्षं लागतात. आणि बाहेरून वाटतं त्यापेक्षा त्यातला फार मोठा भाग मायक्रोस्कोपच्या आधी, हातमोजे घालून, ओल्या टेबलापाशी उभं राहून जातो.

सीट मिळेपर्यंत

साडेचार वर्षांचं एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप आणि मग पदव्युत्तर (पीजी) प्रवेशाची परीक्षा नीट-पीजी. प्रश्न २००, वेळ साडेतीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. पेपर ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत येतो, प्रत्येक भागाला ४२ मिनिटं, आणि एक भाग संपला की त्यात परत जाता येत नाही. "हा नंतर बघू" म्हणून प्रश्न मागे ठेवायची सवय असलेली मुलं इथे फसतात. घरी सराव करतानासुद्धा ४२ मिनिटांचाच गजर लावावा.

सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या (एमसीसी) समुपदेशनातून भरतात आणि निम्म्या राज्याच्या समुपदेशनातून. दोन्हींची नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या, कागद वेगळे. एकाची नोंदणी केली म्हणजे दुसऱ्याची आपोआप होते अशा समजुतीत दरवर्षी कोणीतरी राहतं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीजी मेडिकलच्या राज्य कोट्यातलं निव्वळ रहिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा मात्र राहिली. त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या सीनियरला कितव्या रँकला सीट मिळाली होती, हा हिशेब आता जसाच्या तसा लागू पडेल असं धरू नका. त्या वर्षीचं माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचा, बाँडची (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याची) अट आणि सीट सोडल्यास भरायची रक्कम तर दोनदा वाचा.

पॅथॉलॉजीची सीट तुलनेने उशिरा भरते. रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग आधी जातात. २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला गेला, तेव्हा अशा जागांचीच चर्चा जास्त होती. "दुसरं काही उरलं नाही म्हणून" पॅथॉलॉजीत येणारे बरेच असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांच्यातले कित्येक उत्तम पॅथॉलॉजिस्ट होतात. पण इंटर्नशिपमध्येच आठवडाभर सकाळी नऊला ग्रॉसिंग रूममध्ये (ऑपरेशनमधून आलेले अवयव मोजून-कापून तपासतात त्या खोलीत) जाऊन उभं राहून पाहावं. अवयव टिकवणाऱ्या फॉर्मेलिनच्या वाफेने डोळे चुरचुरतात ते सगळ्यांचेच. ज्याला दमा आहे त्याचा श्वास लागतो का, हे मात्र सीट घेण्याआधी कळायला हवं. दुसरी कसोटी मानेची: सलग तीन तास मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळे लावून बसता येतं का?

एमडी आणि डीएनबी तीन वर्षांचे, डीसीपी (क्लिनिकल पॅथॉलॉजीचा डिप्लोमा) दोन वर्षांचा. कॉलेज निवडताना तिथल्या रेसिडेंटला (पीजी करत असलेल्या डॉक्टरला) चार गोष्टी विचाराव्यात. ग्रॉसिंग तुम्ही स्वतः करता की नुसतं बघता? इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून पेशींतली प्रथिनं ओळखणं) तिथेच होते की ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, बाहेर पाठवतात? फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून करायची तपासणी) येतात का? बोन मॅरो (अस्थिमज्जा) कोण काढतं? बांबोळीला, म्हणजे गोमेकॉला, या बाबतीत एक नैसर्गिक फायदा आहे. सत्तरीपासून काणकोणपर्यंतचे अवघड पेशंट शेवटी तिथेच येतात, शिवाय सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही. १८४२ मध्ये पणजीत पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचं १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झालं. एवढ्या जुन्या जागी एकाच टेबलावर जे पाहायला मिळतं ते अर्धा डझन खासगी रुग्णालयं फिरूनही मिळेलच असं नाही.

पहिले सहा महिने: चाकू, पट्टी आणि फॉर्मेलिन

गोव्यात फॉर्मेलिन हा शब्द घरोघरी पोचला तो २०१८ च्या जुलैत. मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीची तपासणी झाली, गदारोळ उठला आणि परराज्यातून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी आली. मासळीत जे नको तेच पॅथॉलॉजीत पहिल्या मिनिटापासून हवं. शरीरातून काढलेला अवयव त्या क्षणापासून कुजायला लागतो, त्याच्या पेशींतली पाचक द्रव्यं त्यांनाच खायला लागतात. फॉर्मेलिन प्रथिनं जागच्या जागी बांधून टाकतं आणि ही प्रक्रिया थांबवतं.

बाजारात मिळणारं फॉर्मेलिन साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, वर लिटरमागे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. हे झालं दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन. घाईत नुसतं पाणी घालून वेळ मारून नेली की द्रावण आंबट होत जातं, रक्ताळलेल्या भागात काळसर-तपकिरी कण बसतात आणि नवा रेसिडेंट प्लीहेच्या स्लाइडवर मलेरियाचं रंगद्रव्य सापडलं म्हणून खूश होतो. दोन्ही दिसायला खरंच सारखे असतात.

आता एक नमुना शेवटपर्यंत पाहू. शनिवारी दुपारी ऑपरेशन थिएटरमधून स्तनाचा नमुना आला, वजन ८०० ग्रॅम. बरणी दोन लिटरची, अवयव तीत कोंबलेला आणि वर जेमतेम बोटभर फॉर्मेलिन. वॉर्डबॉय म्हणतो, "सोमवारी बघा."

सोमवारपर्यंत तो नमुना निम्मा वाया गेलेला असतो. फॉर्मेलिन आत शिरतं ते सुरुवातीला तासाला सुमारे १ मिलिमीटर आणि पुढे आणखी मंद. स्तनात चरबी जास्त, त्यामुळे तिथे तेवढंही नाही. बाहेरची साल कडक होते, मधली गाठ मऊ आणि करडी पडते. द्रावण नमुन्याच्या किमान दहापट हवं, म्हणजे इथे आठ लिटर. दोन लिटरच्या बरणीत ते कुठून येणार?

म्हणून शनिवारीच हे करायचं. आधी बरणीवरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि बाजू अर्जाशी ताडून पाहायची. उजवा की डावा, हे अर्जावर एक आणि बरणीवर दुसरं असेल तर पुढे काहीही करायचं नाही. थिएटरला फोन, सर्जन येऊन लेखी दुरुस्ती करणार, मगच चाकू. अवयव किती वाजता बाहेर काढला आणि किती वाजता फॉर्मेलिनमध्ये पडला ते लिहायचं; दोन्हींमधलं अंतर एक तासाच्या आत हवं. मग वजन, तिन्ही दिशांची मापं, आणि सर्जनने लावलेले टाके बघून दिशा ठरवायची: बहुतेक ठिकाणी आखूड धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या बाजूला. कडांना शाई लावायची, ती टिपून कोरडी करायची आणि मागच्या बाजूने साधारण एक सेंटिमीटर जाडीचे समांतर काप द्यायचे, त्वचेपाशी जोडलेले राहतील असे. वहीच्या पानांसारखे. पानांमध्ये गॉज घालायचा आणि सगळं मोठ्या टबात, भरपूर फॉर्मेलिनमध्ये.

हे सगळं कशासाठी? पुढे याच गाठीवर ईआर, पीआर (गाठीच्या पेशींत हार्मोनचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (वाढ घडवणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या होतात. त्यासाठी ऊतक ६ ते ७२ तास नीट फिक्स झालेलं लागतं. कुजलेल्या गाठीत ईआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग त्या बाईला वर्षानुवर्षं फायद्याची ठरली असती ती हार्मोनविरोधी गोळी लिहिलीच जात नाही. मायक्रोस्कोपखाली कितीही हुशार माणूस बसवला तरी शनिवारची चूक त्याला दुरुस्त करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाठीचं सर्वांत मोठं माप घ्यायचं. २० मिलिमीटरपर्यंत आकाराचा टप्पा टी-१, त्यापुढे ५० पर्यंत टी-२, त्यामुळे १९ आणि २१ यांत फरक पडतो. अंदाजाने "सुमारे २ सेंटिमीटर" लिहायचं नाही. गाठीतून दर सेंटिमीटरमागे एक तरी तुकडा, जवळची कड, निपल, बाकीचे भाग आणि काखेतल्या सगळ्या लसिका ग्रंथी. ग्रंथी शोधणं हे डोळ्यांपेक्षा बोटांचं काम. चरबी चिमटीत चुरडत जायची, वाटाण्यासारखं लागलं की काढायचं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये किमान १२ ग्रंथी अपेक्षित असतात. सात मिळाल्या म्हणून उठायचं नाही, परत बसायचं.

कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या जाळीच्या छोट्या डबीत) जाणारा तुकडा ३ मिलिमीटर जाडीचा, झाकण लागताना दबणार नाही असा. नव्या मुलांचा हात इथे हमखास जाड पडतो. नंबर पेन्सिलने, कारण साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सकाळी वीस कोऱ्या कॅसेट हातात येतात. दोन पेशंटच्या मध्ये चाकू, चिमटा आणि पाट पुसायचा. नाहीतर एकाचा कण दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये जातो. जठराच्या बायोप्सीचे तुकडे मोजून लिहायचे, गाळणकागदात गुंडाळायचे, वर इओसिन या गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा. तीळभर तुकडा मेणात दिसावा म्हणून.

पावसाळा

पुढचं काम रात्रभर मशीनमध्ये चालतं: चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं, शेवटी साठेक अंशांचं वितळलेलं पॅराफिन मेण. सकाळी ब्लॉक, मग मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉनचे काप, कोमट पाण्यावर तरंगवून स्लाइडवर उचलायचे, आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा निळा-गुलाबी रंग. तंत्रज्ञ हे करतात, पण रेसिडेंटने दोन-तीन आठवडे स्वतः काप काढावेतच. कापावर रेघ का आली (ब्लेडला खाच), पडद्यासारख्या पट्ट्या का (ब्लॉक किंवा ब्लेड सैल), घड्या का, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही, आणि न कळलेली रेघ उद्या स्लाइडवर गोंधळ घालते.

जून ते सप्टेंबर गोव्यातल्या लॅबची कसोटी असते. उघडी राहिलेली ॲब्सोल्यूट अल्कोहोलची बाटली हवेतलं पाणी पिते. मग ऊतकातलं पाणी पूर्ण निघत नाही आणि स्लाइड झायलीनमध्ये घातल्यावर झायलीन दुधाळ होतं. दुधाळ दिसलं की स्लाइड मागे घ्यायची, ताज्या अल्कोहोलमधून पुन्हा न्यायची. रक्ताच्या स्मिअरचं, म्हणजे काचेवर पसरलेल्या पातळ थराचं, तसंच. लिशमन रंगाच्या मिथेनॉलमध्ये पाणी शिरलं किंवा स्मिअर वाळायला वेळ लागला, की तांबड्या पेशींत चमकदार भोकं पडल्यासारखी दिसतात. शिकाऊ माणूस त्यांना परजीवी समजतो. उपाय साधा आहे: घट्ट झाकण, छोट्या बाटल्या, स्मिअर पंख्यासमोर झटपट वाळवणं. मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी चढते ती वेगळीच; रात्री सिलिका जेल ठेवायचं आणि ते गुलाबी पडलं की तापवून पुन्हा निळं करायचं.

बघायला शिकणं

मायक्रोस्कोपवर पहिली चूक ठरलेली: थेट ४० च्या भिंगावर उडी. स्लाइड आधी हातात धरून उजेडात बघावी, मग ४ चं भिंग, मग १०. निदान बहुतेकदा रचनेत असतं आणि रचना लांबून दिसते. सीनियरकडे जाण्याआधी स्वतःचं निदान कागदावर लिहावं. नुसतं मनात ठरवलं, तर सर काही बोलले की "मला तेच वाटलं होतं" असं प्रामाणिकपणे वाटू लागतं. आणि सुरुवातीचे महिने निरोगी ऊतकाच्या स्लाइड भरपूर बघाव्यात, कंटाळा आला तरी. रजोनिवृत्तीनंतरचं गर्भाशय, गरोदर बाईचं स्तन, लहान मुलाची ग्रंथी, ही नीट माहीत नसली की प्रत्येक वेगळी गोष्ट रोग वाटते.

एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून करायच्या तपासणीत, पेशंट समोर असतो. २३-२४ गेजची सुई, गाठीत दोन-तीन वेळा पुढे-मागे, आणि सुई बाहेर काढण्याआधी सिरिंजची ओढ सोडायची. नाहीतर माल सिरिंजमध्ये उडून जातो आणि स्लाइडवर काहीच येत नाही. अर्ध्या स्लाइड त्या क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, अर्ध्या हवेत वाळवायच्या. "त्या क्षणी" म्हणजे पेशंटला कापूस देण्याच्याही आधी. दहा-पंधरा सेकंदांत पेशी सुकतात, केंद्रकं फुगतात आणि साध्या पेशी संशयास्पद दिसायला लागतात.

हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्ताच्या तपासण्यांत, फोन जास्त वाजतो. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्डाला प्लेटलेट्स आत्ताच हव्या असतात. मशीन म्हणतं ४०,०००, पेशंट मात्र ठणठणीत. आधी नळी तिरकी करून गुठळी आहे का बघा, मग स्मिअरच्या शेपटीला प्लेटलेट्सचे पुंजके. काहींच्या रक्तात नळीतल्या इडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळेच पुंजके होतात; सायट्रेटच्या नळीत पुन्हा घ्यावं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावं. पीटी-एपीटीटीची (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्यांची) नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तर परत पाठवावी, कितीही ओरड झाली तरी: नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण मोडलं की वेळ खोटी वाढते. बोन मॅरोचा पहिला ओढा ०.३ ते ०.५ मिलिलिटरचाच स्मिअरसाठी ठेवायचा, जास्त ओढलं की नुसतं रक्त येतं. रक्तपेढीत घातक चूक बहुधा रसायनांत नसते, ती नावात असते.

फ्रोझन सेक्शन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पेशंट भूल देऊन टेबलावर, तुकडा उणे २० ते २५ अंशांच्या क्रायोस्टॅट या गोठवून काप काढायच्या यंत्रात, उत्तर वीसेक मिनिटांत. चरबी नीट गोठत नाही आणि काप फाटतो. "आत्ता सांगता येत नाही, पक्क्या सेक्शनवर सांगू" हे अधिकृत उत्तर आहे, ते द्यायला शिकावं लागतं. सर्जन समोरून घाई करत असताना ते सोपं नसतं.

कागदोपत्री बाजू

थिसिसचा विषय विभागात जे भरपूर येतं त्यातला घ्यावा. दुर्मीळ गाठीवर अभ्यास ठरवला तर दोन वर्षांत अकरा केस जमतात. विशेष अँटिबॉडी लागणार असेल तर पैसे कोण देणार हे एथिक्स समितीकडे अर्ज करण्याआधी लेखी घ्यावं. थिसिस परीक्षेच्या किमान सहा महिने आधी द्यायचा असतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम, करावी लागते. गोव्यात जिल्हा रुग्णालयं म्हणजे म्हापसा आणि मडगाव, जुन्या माणसांच्या तोंडी अजून आझिलो आणि हॉस्पिसियु. तिथे दुर्मीळ स्लाइड कमी, पण एका मशीनवर शेकडो नमुने रोज विश्वासार्ह कसे ठेवायचे हे तिथेच कळतं: सकाळी कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावणं, आलेख भरणं, आकडा सरासरीपासून तीन एसडीबाहेर (प्रमाण विचलनाच्या तिपटीपलीकडे) गेला की रिपोर्ट थांबवणं. कंट्रोल न लावता सोडलेला आकडा हा अंदाज असतो. हजेरी ८० टक्के लागते, वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि आठवड्याची सुट्टी नियमात आहे. मागायला संकोचू नये.

शेवटी चार लेखी पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. एकूण ५० टक्के, प्रत्येक पेपरात ४० टक्के, आणि प्रात्यक्षिकात वेगळे ५० टक्के. प्रात्यक्षिकात मुलं अडकतात ती वर्णनात. मूत्रपिंड समोर ठेवलं की लगेच रोगाचं नाव सांगतात. परीक्षकाला आधी माप, पृष्ठभाग, काप आणि रंग ऐकायचे असतात.

एमडीनंतर शिकवण्याकडे जायचं तर एक वर्षाची सीनियर रेसिडेन्सी लागते. रक्तविकारात पुढे शिकायचं तर डीएम हिमॅटोपॅथॉलॉजी, कॅन्सरमध्ये टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणचं प्रशिक्षण. बरेच जण खासगी लॅबमध्ये जातात, आणि तिथे पहिल्याच महिन्यात एक प्रस्ताव येतो: तुम्ही यायची गरज नाही, फक्त सही द्या. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं, तेव्हापासून अशा सहीला भाव आला आहे. नोकरी घेताना मालकाला विचारावं: नमुना नाकारायचा अधिकार माझा का? कंट्रोल बाहेर गेला तर रिपोर्ट मी थांबवू शकते का? माझी सही स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये ठेवली, तर तिचा पासवर्ड कोणाकडे राहील? तिसऱ्या प्रश्नाला मालक हसला, तर पगार न विचारताच उठलेलं बरं.